एक निवडणूक, दोन गव्हर्नर : केंटकी, १८९९

३१ जानेवारी १९०० या दिवशी अमेरिकेतल्या केंटकी राज्याला दोन गव्हर्नर होते. एकाच्या ताब्यात सरकारी कचेरी होती आणि राज्याची सशस्त्र मिलिशिया (राज्याचं स्वतःचं सैन्यदल) होती. दुसरा छातीत गोळी लागून हॉटेलच्या खोलीत पडला होता आणि त्याच अवस्थेत त्याने पदाची शपथ घेतली. मतदान होऊन तीन महिने होत आले होते. दोघांच्या मतांत फरक होता फक्त २,३८३ चा.

हे इतकं चिघळलं कसं, हे समजून घ्यायचं तर मतदानाच्या दिवशी काय झालं एवढं पाहून भागत नाही. तिकीट कुणाला आणि कसं मिळालं, मतमोजणी कुणाच्या हाती होती आणि तक्रार कुणापुढे करायची होती, या तीन ठिकाणी ही निवडणूक खरी लढली गेली. म्हणून मतदानाआधी आणि मतदानानंतर काय झालं, तिकडेच मी जास्त जाणार आहे.

आधी एक खुलासा. अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा राज्यपाल नव्हे. त्याला लोक थेट निवडून देतात आणि राज्याचा कारभार तोच चालवतो. कामाच्या दृष्टीने तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. विधिमंडळाची निवडणूक वेगळी होते, त्यामुळे गव्हर्नर एका पक्षाचा आणि विधिमंडळात बहुमत दुसऱ्याचं, असं सहज घडतं. केंटकीत नेमकं तेच घडलं होतं.

डेमोक्रॅट का घाबरले होते

केंटकी हे गुलामगिरी असलेलं राज्य, पण उत्तर विरुद्ध दक्षिण अशा अमेरिकन यादवी युद्धात (१८६१-६५) ते संघराज्यातून फुटलं नाही. युद्ध संपल्यावर मात्र तिथल्या राजकारणावर दक्षिणेकडून लढलेल्या मंडळींचा पगडा बसला आणि तीस वर्षं डेमोक्रॅटिक पक्षाचं तिकीट म्हणजे निवडून आल्यातच जमा असायचं. १८९५ मध्ये हे मोडलं. विल्यम ब्रॅडली हा केंटकीचा पहिला रिपब्लिकन गव्हर्नर निवडून आला. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन मॅकिन्ली यांनी हे राज्य तीनशेहून कमी मतांनी जिंकलं.

डेमोक्रॅट हरले ते मुख्यतः आपसातल्या फाटाफुटीमुळे. १८९३ च्या मंदीने शेतकरी भरडला गेला होता. चांदीची नाणी मुबलक पाडा, पैसा खेळता होईल, कर्जं फिटतील, असं एका गटाचं म्हणणं होतं. दुसरा गट सोन्याच्या चलनाला चिकटून होता. त्यात रेल्वेच्या प्रश्नाची भर पडली. लुईव्हिल अँड नॅशव्हिल ही बलाढ्य रेल्वे कंपनी, जिला सगळे एल अँड एन म्हणत, मालवाहतुकीचे दर मनाला येतील तसे लावते, अशी शेतकऱ्यांची आणि छोट्या व्यापाऱ्यांची तक्रार होती. या कंपनीचं राजकारणातलं वजन फार मोठं होतं. तिचा अध्यक्ष मिल्टन स्मिथ सरकारी नियंत्रणाच्या कट्टर विरोधात होता. विधिमंडळात कंपनीची बाजू सांभाळायला बेसिल ड्यूक हा दक्षिणेच्या सैन्यातला माजी जनरल होता.

या कंपनीच्या विरोधात उभा राहिला विल्यम गोबेल.

गोबेल नेहमीच्या साच्यातला पुढारी नव्हता. आईवडील जर्मनीतून आलेले, घरची भाषा जर्मन. ओहायो नदीच्या काठावर, सिनसिनाटीच्या समोर असलेल्या कव्हिंग्टन गावात तो वाढला, वकील झाला आणि १८८७ पासून राज्याच्या सिनेटमध्ये होता. स्वभाव थंड, मित्र मोजके, लग्न केलेलं नाही. ज्या काळात पुढाऱ्याने हात मिळवत, पाठीवर थाप मारत फिरायचं आणि मैदानात तासभर फर्डं भाषण ठोकायचं, त्या काळात याला यातलं काहीच जमत नसे. त्याला जमायची ती बांधणी: कुणाची कुठे नेमणूक करायची, कुठल्या समितीत कोण बसवायचा, कायद्याचं कुठलं कलम कसं फिरवायचं. केंटन काउंटीचा (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) राजा असं त्याचे विरोधक त्याला म्हणत.

त्याच्या नावावर एक माणूस मारल्याचा डागही होता. १८९५ मध्ये कव्हिंग्टनमध्ये एका बँकेच्या दाराशी त्याची आणि जॉन सँडफर्ड या बँकरची समोरासमोर गाठ पडली. दोघांचं जुनं वैर होतं. दोघांनीही गोळ्या झाडल्या. सँडफर्डची गोळी गोबेलच्या कपड्यांतून आरपार गेली आणि गोबेलची गोळी सँडफर्डच्या डोक्यात बसली. काही तासांनी सँडफर्ड गेला. स्वसंरक्षण मानून गोबेलची सुटका झाली. हे द्वंद्वयुद्ध ठरलं असतं, तर त्याचं राजकारण तिथेच संपलं असतं, कारण केंटकीच्या राज्यघटनेप्रमाणे पद स्वीकारताना आपण द्वंद्वयुद्ध खेळलेलो नाही अशी शपथ घ्यावी लागते. ही शपथ तिथे आजही घेतली जाते. सँडफर्ड दक्षिणेच्या बाजूने लढलेला सैनिक होता, त्यामुळे डेमोक्रॅटिक पक्षातल्या जुन्या सैनिकांच्या मनात गोबेलविषयी कायमची अढी बसली.

मोजणारे कोण नेमणार

१८९८ मध्ये गोबेलने विधिमंडळात एक कायदा आणला. लोक त्याला गोबेल निवडणूक कायदा म्हणू लागले. त्याची रचना अशी. राज्यासाठी तीन जणांचं निवडणूक मंडळ, आणि ते तिघे विधिमंडळाने निवडायचे. या तिघांनी प्रत्येक काउंटीचं मंडळ नेमायचं. काउंटीच्या मंडळाने प्रत्येक मतदान केंद्रावरचे अधिकारी नेमायचे. म्हणजे विधिमंडळात ज्याचं बहुमत, त्याचीच माणसं राजधानीपासून खेड्यातल्या मतपेटीपर्यंत बसणार. बहुमत डेमोक्रॅटांचं होतं. गव्हर्नर ब्रॅडलीने नकाराधिकार वापरला, विधिमंडळाने तो धुडकावून कायदा मंजूर केला. पहिल्या मंडळातले तिन्ही सदस्य डेमोक्रॅट निघाले.

गोबेलची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. त्याचं म्हणणं होतं की काउंट्यांतले स्थानिक अधिकारी आधीपासूनच आपापल्या पक्षासाठी मतं चोरतात, १८९६ ला रिपब्लिकनांनी तेच केलं, तेव्हा सगळं एका मध्यवर्ती मंडळाखाली आणलेलं बरं. तक्रारीत तथ्य होतं. त्या काळी मतं विकत घेणं, दमदाटी करणं हे दोन्ही पक्ष करत. गुप्त मतदानही तिथे नवंच होतं. लुईव्हिल शहराने १८८८ मध्येच सरकारने छापलेली गुप्त मतपत्रिका सुरू केली आणि अमेरिकेत असं करणारं ते पहिलं शहर ठरलं, पण राज्याच्या निवडणुकीत १८९१ ची नवी राज्यघटना येईपर्यंत मतदार सगळ्यांसमोर तोंडाने आपल्या उमेदवाराचं नाव सांगत असे. सावकार, जमीनमालक, कारखान्याचा मुकादम शेजारीच उभा असताना.

तरीही हा कायदा वाईटच होता, असं मला वाटतं. मोजणाऱ्यांवर विश्वास नसेल तर उपाय म्हणजे मोजणीत दोन्ही बाजूंची माणसं बसवणं. गोबेलने एका बाजूलाच सगळ्या किल्ल्या दिल्या, आणि पुढच्याच वर्षी त्या निवडणुकीत तो स्वतः उमेदवार झाला. त्याच्या पक्षातल्याही पुष्कळांना हे रुचलं नाही.

म्युझिक हॉलमधला आठवडा

त्या काळात केंटकीत पक्षाचा उमेदवार थेट मतदारांच्या मतदानाने ठरत नसे. गावपातळीवर आणि काउंटीत पक्षाच्या सभा होत. तिथून प्रतिनिधी निवडले जात. हे प्रतिनिधी राज्याच्या अधिवेशनात जमून मतदान करत. ज्याला निम्म्याहून जास्त मतं, तो उमेदवार. कुणालाच निम्मी मिळाली नाहीत तर पुन्हा मतदान, पुन्हा मतदान, असं चालू.

यात एक मोठी फट होती. काउंटीच्या सभेत भांडण झालं की दोन गट दोन वेगवेगळ्या सभा घेत आणि दोघेही अधिवेशनात आपलेच प्रतिनिधी खरे म्हणून घेऊन येत. खरे कोण हे अधिवेशनाची समिती ठरवणार, आणि वाद वाढला तर अध्यक्ष निर्णय देणार. म्हणजे अध्यक्ष ज्याचा, अधिवेशन त्याचं.

डेमोक्रॅटिक अधिवेशन २० जून १८९९ ला लुईव्हिलच्या मार्केट स्ट्रीटवरच्या म्युझिक हॉलमध्ये भरलं. तिघे इच्छुक होते. वॉट हार्डिन हा राज्याचा माजी ॲटर्नी जनरल, उत्तम वक्ता, त्याच्यामागे एल अँड एन. त्याचं पारडं सगळ्यात जड मानलं जात होतं. दुसरा विल्यम स्टोन, माजी खासदार, दक्षिणेच्या सैन्यात लढलेला, पश्चिम केंटकीतल्या शेतकऱ्यांचा माणूस. तिसरा गोबेल, ज्याच्यामागे शहरांतली संघटना होती.

गोबेल आणि स्टोन दोघांनाही एकट्याने हार्डिनला हरवणं शक्य नव्हतं. त्यांनी आतून समझोता केला. लुईव्हिलचे प्रतिनिधी गोबेलच्या मुठीत होते, त्यातले निम्मे त्याने स्टोनला द्यायचे. अध्यक्ष दोघांनी मिळून निवडायचा. दोघांपैकी एक शर्यतीबाहेर पडला तर त्याच्या माणसांनी दुसऱ्याला मत द्यायचं. अध्यक्ष म्हणून न्यायाधीश रेडवाइन यांचं नाव ठरलं आणि ते निवडून आले. रेडवाइन मनाने गोबेलचे होते.

मग वादग्रस्त प्रतिनिधींचे निकाल लागू लागले. बहुतेक ठिकाणी गोबेलचे प्रतिनिधी खरे ठरले. हार्डिनने निषेध म्हणून माघार जाहीर केली. स्टोनला वाटलं, आता मुख्य प्रतिस्पर्धी गेला, गोबेल आपल्याला पाठिंबा देणार. गोबेलने तसं काही केलं नाही. तो मैदानात ठाम राहिला. आपण फसलो हे स्टोनच्या लक्षात आलं. तो हार्डिनकडे वळला आणि हार्डिन पुन्हा शर्यतीत उतरला. काल एकमेकांच्या विरोधात असलेले दोघे आज गोबेलच्या विरोधात एक झाले.

यानंतर त्या सभागृहात जे झालं ते अधिवेशन म्हणण्यासारखं नव्हतं. हार्डिन आणि स्टोनच्या माणसांनी ठरवलं की कामकाज चालूच द्यायचं नाही. माणसं खुर्च्यांवर चढली, पिपाण्या वाजवू लागली, घसा ताणून ओरडू लागली, अध्यक्षाला फाशी देण्याची गाणी म्हणू लागली. रेडवाइन यांनी सभागृहात पोलीस आणले. त्यावरून आणखी भडका उडाला. गोंगाटात काउंट्यांची नावं पुकारली जात होती, पुकारा ऐकूच येत नाही म्हणून कित्येक प्रतिनिधी मत द्यायला नकार देत होते आणि मतदान तसंच पुढे रेटलं जात होतं. अध्यक्षाच्या निर्णयावर अपील केलं की ते अपीलच अध्यक्ष फेटाळून लावत.

फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या, बहुमत कुणालाच मिळेना. अखेर ठराव झाला की पुढच्या फेरीत ज्याला सगळ्यात कमी मतं पडतील त्याला वगळायचं. पंचविसाव्या फेरीत स्टोन गळला. त्याचे सगळे प्रतिनिधी हार्डिनकडे गेले असते तर हार्डिन जिंकला असता. पण स्टोनचे शेतकरी रेल्वेच्या माणसाला मत कसं देणार? त्यांतले बरेचसे गोबेलकडे वळले आणि सव्विसाव्या फेरीत गोबेलला उमेदवारी मिळाली.

ही फेरी मला सगळ्यात बोलकी वाटते. गोबेलच्या युक्त्या, अध्यक्षाची मनमानी, मोडलेला शब्द, हे सगळं खरं. पण शेवटचा कौल फिरला तो रेल्वेच्या मुद्द्यावर. हा मुद्दा नसता तर नुसत्या डावपेचांवर तो इथवर आला नसता.

उपगव्हर्नरपदासाठी जे. सी. डब्ल्यू. बेकम या तरुणाला तिकीट मिळालं. पदासाठी किमान वय तीस, आणि अधिवेशन झालं तेव्हा त्याचा तिसावा वाढदिवस अजून व्हायचा होता. हे नाव लक्षात ठेवा.

बंडखोर आणि रिपब्लिकन

म्युझिक हॉलचा राग शमला नाही. ऑगस्टमध्ये नाराज डेमोक्रॅट लेक्सिंग्टनला जमले. स्वतःला ते प्रामाणिक निवडणुकीचे डेमोक्रॅट म्हणवत. त्यांनी माजी गव्हर्नर जॉन यंग ब्राउन याला उभं केलं. बंडखोर उमेदवार निवडून येण्यासाठी नसतो, पाडण्यासाठी असतो, हे आपल्याकडे कुणाला वेगळं सांगायला नको.

रिपब्लिकनांनी जुलैत लेक्सिंग्टनलाच विल्यम टेलर या ॲटर्नी जनरलला उमेदवारी दिली. त्यांच्यातही सगळं आलबेल नव्हतं. मावळता गव्हर्नर ब्रॅडली टेलरवर खूश नव्हता. काळ्या मतदारांचे पुढारीही बिथरले होते. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत तोवर काळ्या लोकांचा मताधिकार नाना क्लृप्त्यांनी काढून घेतला जात होता, पण केंटकीत ते मतदान करत होते आणि रिपब्लिकन पक्षाचा तो मोठा आधार होता. टेलर हा गोऱ्यांपुरतं पाहणाऱ्या गटाचा आहे, असं म्हणत लेक्सिंग्टनच्या काळ्या पुढाऱ्यांनी वेगळं अधिवेशन भरवण्याचा इशारा दिला. टेलरने त्यांच्यापैकी एकाला अधिवेशनाचा चिटणीस केलं, सत्तेत वाटा देण्याचं वचन दिलं आणि पक्ष कसाबसा एकत्र ठेवला. पुढे ब्रॅडलीही प्रचारात उतरला. शेतकऱ्यांच्या पॉप्युलिस्ट पक्षाने जॉन ब्लेअर याला उभं केलं, पण त्यांचा भर आता ओसरला होता.

प्रचारात गोबेलने एल अँड एनला मुख्य शत्रू केलं. विरोधकांनी गोबेलला आणि त्याच्या निवडणूक कायद्याला. ऑक्टोबरमध्ये विल्यम जेनिंग्ज ब्रायन, म्हणजे १८९६ चा डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार, गोबेलसाठी राज्यभर सभा घेत फिरला. रेल्वे कंपनीने गोबेलला पाडायला आपली सगळी ताकद लावली.

७ नोव्हेंबर आणि त्यानंतर

मतदानाच्या दिवशी मोठी हिंसा होईल अशी भीती होती, ती खरी ठरली नाही. मात्र ब्रॅडलीने लुईव्हिलमध्ये मिलिशिया उतरवली आणि हाच पुढे वादाचा मुद्दा झाला. आकडे आले ते असे: टेलर १,९३,७१४, गोबेल १,९१,३३१. बंडखोर ब्राउनला बारा हजारांच्या घरात मतं. म्युझिक हॉलमध्ये जो राग पेरला गेला तो या बारा हजारांत उगवला. त्यांतल्या दर पाचातलं एक मत जरी गोबेलकडे गेलं असतं, तरी पुढचं काहीच घडलं नसतं.

डेमोक्रॅटांनी आक्षेपांची यादी काढली. डोंगराळ भागातल्या काही काउंट्यांत मतपत्रिका इतक्या पातळ कागदावर छापल्या होत्या की घडी घातली तरी शिक्का कुठे मारलाय ते पलीकडून दिसे. मग गुप्त मतदान कसलं? नेल्सन काउंटीत सुमारे बाराशे मतपत्रिकांवर टेलरच्या नावाची आद्याक्षरं चुकीची होती, डब्ल्यू. एस. च्या जागी डब्ल्यू. पी. छापलं होतं. मग ही मतं टेलरची धरायची का? रिपब्लिकन म्हणत, अर्थातच, मतदाराला कोण हवा होता ते उघड आहे. डेमोक्रॅट म्हणत, या नावाचा उमेदवारच नाही. शिवाय लुईव्हिलमधली मिलिशिया म्हणजे मतदारांवर दडपण, आणि रेल्वेने आपल्या नोकरांवर दबाव आणला, असेही आरोप होते.

आता निर्णय त्या तीन जणांच्या मंडळाकडे आला, ज्यासाठी सगळा कायदा केला असं म्हटलं जात होतं. तिघेही डेमोक्रॅट. निकाल काय लागणार याविषयी कुणालाच शंका नव्हती. ९ डिसेंबरला मंडळाने दोन विरुद्ध एक अशा मतांनी टेलरला विजयी घोषित केलं. बहुमताचं म्हणणं सरळ होतं: आलेल्या आकड्यांची बेरीज करणं हे आमचं काम, मतं वैध की अवैध हे ठरवायला आम्ही न्यायालय नाही. आपल्याच पक्षाने नेमलेल्या दोघांनी पक्षाच्या विरोधात जाणारा निकाल दिला. या सगळ्या प्रकरणात कायद्याची मर्यादा ओळखून वागलेली माणसं शोधायला गेलं तर मला पहिली ही दोन दिसतात.

१२ डिसेंबरला टेलरने शपथ घेतली. प्रकरण इथे मिटायला हवं होतं. पण राज्यघटनेत आणखी एक दार होतं.

आपल्याकडे निकालाला आव्हान द्यायचं तर निवडणूक याचिका उच्च न्यायालयात जाते. केंटकीच्या घटनेत गव्हर्नर आणि उपगव्हर्नरपदाच्या वादाचा निर्णय खुद्द विधिमंडळाकडे दिलेला आहे. पद्धत अशी की सिनेटमधले तीन आणि कनिष्ठ सभागृहातले आठ अशा अकरा सदस्यांची समिती चिठ्ठ्या टाकून निवडायची. तिने साक्षीपुरावे ऐकून अहवाल द्यायचा आणि दोन्ही सभागृहांनी मिळून निर्णय करायचा. गोबेल आणि बेकमने तक्रार दाखल केली. जानेवारी १९०० मध्ये चिठ्ठ्या निघाल्या. विधिमंडळात एकतृतीयांशाहून जास्त सदस्य रिपब्लिकन होते, तेव्हा अकरात चारेक तरी रिपब्लिकन यायला हवे होते. गव्हर्नरपदाच्या समितीत एकच आला. चिठ्ठ्यांत हातचलाखी झाली, असं रिपब्लिकनांनी म्हटलं, आणि त्यात नवल नाही.

पूर्व केंटकीचा डोंगराळ मुलूख रिपब्लिकनांचा बालेकिल्ला. तिथून शेकडो माणसं बंदुका घेऊन रेल्वेने राजधानी फ्रँकफर्टमध्ये उतरू लागली. त्यांना आणण्यात राज्य सरकारातला नवा सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्याचा सचिव) केलब पॉवर्स पुढे होता. छोटंसं शहर, दोन्ही बाजूंचे हत्यारबंद लोक, आणि एका समितीची सुनावणी चालू.

३० जानेवारीला सकाळी गोबेल दोन साथीदारांसह विधिमंडळाच्या इमारतीकडे चालत निघाला होता. शेजारच्या सरकारी कचेरीच्या इमारतीतून गोळ्या सुटल्या. एक त्याच्या छातीत लागली. ज्या दालनाच्या खिडकीतून गोळी आली असं पुढे मानलं गेलं ते पॉवर्सच्या कचेरीचं होतं. गोबेलला कॅपिटल हॉटेलमध्ये नेलं.

त्याच दिवशी समितीने गोबेलच्या बाजूने अहवाल दिला. इतकी मतं बाद केली की गोबेल पुढे गेला. टेलरने राज्यात बंड झाल्याचं जाहीर करून मिलिशिया बोलावली आणि विधिमंडळाने फ्रँकफर्टमध्ये न भरता लंडन नावाच्या, रिपब्लिकन प्रभावाच्या, गावी भरावं असा हुकूम काढला. रिपब्लिकन सदस्य तिकडे गेले. डेमोक्रॅट एकामागून एक इमारतीकडे गेले, प्रत्येक ठिकाणी सैनिकांनी अडवलं. शेवटी कॅपिटल हॉटेलमध्येच ते गुपचूप जमले आणि एकही रिपब्लिकन हजर नसताना त्यांनी समितीचा अहवाल मंजूर केला. गोबेल गव्हर्नर, बेकम उपगव्हर्नर. ३१ जानेवारीला गोबेलने बिछान्यावरच शपथ घेतली आणि मिलिशियाला घरी जायचा हुकूम दिला. मिलिशियाच्या प्रमुखाने तो मानला नाही. बेकमच्या बाजूने दुसरी मिलिशिया उभी राहिली.

३ फेब्रुवारीला गोबेल वारला. पदावर असताना खून झालेला अमेरिकेतल्या राज्याचा तो आजवरचा एकमेव गव्हर्नर. बेकम त्याच्या जागी आला. वय तीस.

न्यायालयात

लढाई झाली नाही, याचं श्रेय दोन्ही बाजूंच्या काही थंड डोक्याच्या लोकांना आहे. वॉशिंग्टनहून केंद्राने हस्तक्षेप करावा म्हणून टेलरने गळ घातली, पण मॅकिन्ली यांनी नकार दिला. लुईव्हिलच्या गाल्ट हाउस हॉटेलात दोन्ही पक्षांचे लोक बसले आणि समेटाचा मसुदा तयार झाला. टेलरने सही केली नाही, मात्र वाद न्यायालयात न्यायला तो तयार झाला.

राज्याच्या न्यायालयांनी बेकमच्या बाजूने निकाल दिला. विधिमंडळाने अधिकृत नोंदवहीत निर्णय नोंदवला असेल, तर तो का आणि कसा घेतला हे आम्ही तपासू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. टेलर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. युक्तिवाद असा की मतदारांनी दिलेलं पद ही माझी मालमत्ता आहे आणि चौदाव्या घटनादुरुस्तीप्रमाणे योग्य प्रक्रियेशिवाय ती काढून घेता येत नाही. २१ मे १९०० ला सरन्यायाधीश फुलर यांनी निकाल दिला. सार्वजनिक पद ही मालमत्ता नव्हे, आणि राज्याने आपल्या घटनेप्रमाणे आपला गव्हर्नर ठरवला असेल तर त्यात केंद्रीय न्यायालयाने पडण्यासारखं काही नाही. न्यायमूर्ती हार्लन यांनी विरोधी मत नोंदवलं. हार्लन स्वतः केंटकीचे. लोकांच्या मतांचा कौल विधिमंडळ असा उलटवत असेल तर घटनेने गप्प बसू नये, अशी त्यांची भूमिका होती. कायद्याच्या चौकटीत फुलर बरोबर असतीलही, पण हार्लन यांच्या प्रश्नाला त्या निकालात उत्तर नाही, असं मला वाटतं.

हा टेलर विरुद्ध बेकम खटला अमेरिकेच्या घटनात्मक कायद्यात आजही शिकवला जातो. टेलर राज्य सोडून इंडियानापोलिसला गेला. गोबेलच्या खुनात त्याच्यावरही आरोप ठेवले होते, पण इंडियानाच्या गव्हर्नरने त्याला केंटकीच्या हवाली करायला नकार दिला. तो तिथेच राहिला.

खुनाच्या खटल्यांत पॉवर्स, जिम हॉवर्ड आणि हेन्री युट्सी या तिघांना शिक्षा झाली. पॉवर्सला तीनदा दोषी ठरवलं गेलं, तिन्ही वेळा वरच्या न्यायालयाने शिक्षा रद्द केली, चौथ्या वेळी ज्यूरीचं एकमत झालं नाही. आरोपी रिपब्लिकन, ज्यूरीत बहुतेक डेमोक्रॅट, असा तो प्रकार होता. १९०८ मध्ये रिपब्लिकन गव्हर्नरने पॉवर्स आणि हॉवर्डला माफी दिली. पॉवर्स आठ वर्षं तुरुंगात होता. बाहेर आल्यावर तो अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून गेला आणि तिथेही आठ वर्षं राहिला. गोळी नेमकी कुणी झाडली हे कधीच निर्विवाद सिद्ध झालं नाही.

गोबेल मुदतीच्या सुरुवातीलाच गेल्यामुळे उरलेल्या काळासाठी नोव्हेंबर १९०० मध्ये पुन्हा निवडणूक घ्यावी लागली. बेकम चार हजारांहून कमी मतांनी जिंकला. त्याआधी त्याने विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावून गोबेल कायदा बदलून घेतला होता आणि मंडळांवर दोन्ही पक्षांना जागा दिली होती. स्वतःच्याच पक्षाच्या हुतात्म्याच्या नावाचा कायदा बदलायला धैर्य लागतं.

मात्र गव्हर्नरपदाचा वाद विधिमंडळाने सोडवायचा, हे घटनेतलं कलम तसंच राहिलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये डेमोक्रॅट अँडी बेशिअर पाच हजारांच्या आसपास मतांनी पुढे होते आणि तेव्हाचे रिपब्लिकन गव्हर्नर मॅट बेव्हिन हार मानायला तयार नव्हते. त्या दिवसांत राज्याच्या सिनेटचे अध्यक्ष रॉबर्ट स्टायव्हर्स यांनी याच कलमाची आठवण करून दिली आणि केंटकीच्या वर्तमानपत्रांत पुन्हा गोबेल आणि टेलरची नावं छापून आली. विधिमंडळात बहुमत रिपब्लिकनांचं होतं. आठवडाभराने आकड्यांची फेरतपासणी झाली, फरक जवळपास तेवढाच राहिला, आणि बेव्हिन यांनी विधिमंडळाकडे न जाता पराभव मान्य केला.